टी-स्कोअर उणे २.४: आईंचा डेक्सा रिपोर्ट कसा वाचायचा

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

आई ६३ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत त्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेचा (खुब्याच्या सांध्याजवळच्या अरुंद भागाचा) टी-स्कोअर उणे २.१ होता. आता दुसऱ्या सेंटरवर, पण त्याच कंपनीच्या मशीनवर, तो उणे २.४ आला. त्यावरून तुम्ही दोन वर्षांत १४ टक्के हाड झिजल्याचा हिशोब केलात. रिपोर्टवर 'तरुण वयाच्या तुलनेत ६६ टक्के' असं छापलंय, झेड-स्कोअर उणे ०.९ आहे आणि कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर मात्र उणे १.२ आहे. घाबरून तुम्ही स्वतःचीही तपासणी केलीत. वय ३४, टी-स्कोअर उणे १.३, खाली शेरा 'ऑस्टिओपेनिया', म्हणजे हाडाची घनता कमी. आणि शेवटी लिहिलंय: पाच वर्षांपूर्वी घरात पाय अडकून पडल्यावर आईंचं मनगट मोडलं होतं, पण ते आता पूर्ण बरं आहे.

मी वीसेक वर्षं हाडांच्या विकारांचे रुग्ण बघते आणि त्यांचे डेक्सा रिपोर्ट रोज वाचते. १४ टक्क्यांचा हिशोब करून घाबरलेली माणसं माझ्याकडे दर आठवड्याला येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

०.३ ला २.१ ने भागून तुम्ही १४ टक्के काढलेत. पण टी-स्कोअरचे टक्के काढता येत नाहीत. टी-स्कोअर शून्य आला म्हणजे हाड संपलं असं नसतं, उलट ते तरुणपणच्या सरासरीवर अगदी बरोबर बसलेलं असतं. टी-स्कोअर म्हणजे हाडाचं माप नाही, सरासरीपासूनचं अंतर आहे. झीज किती झाली हे बघायचं तर त्याच्या शेजारचा, सहसा कोणी न वाचणारा रकाना वाचायचा: बीएमडी, म्हणजे हाडातल्या खनिजाची घनता, ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. आईंच्या पहिल्या रिपोर्टमध्ये तो ०.६०६ आहे, दुसऱ्यात ०.५७०. फरक ०.०३६, म्हणजे जवळपास ६ टक्के. १४ नव्हे. आणि हे ६ टक्केसुद्धा खरे धरायचे का, ते पुढे बघू.

'चौरस' हा शब्द नीट वाचा. मशीन दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. मांस आणि चरबी त्यांना जितकं अडवतात ते वजा करून हाडात खनिज किती ग्रॅम आहे ते काढतं, आणि त्याला हाडाच्या सावलीच्या क्षेत्रफळाने भागतं. हाड किती जाड आहे, ही तिसरी बाजू त्याला दिसतच नाही. त्यामुळे लहान चणीच्या, बारीक हाडांच्या बाईचा आकडा मुळातच थोडा कमी येतो आणि धिप्पाड माणसाचा थोडा जास्त, दोघांच्या हाडाचा कस सारखा असला तरी.

आता टी-स्कोअर. खुब्याच्या भागासाठी जगभर बहुतेक ठिकाणी एकच संदर्भ वापरतात: अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत मोजलेल्या २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रिया. तुमच्या मशीनच्या मापात त्यांच्या मांडीच्या हाडाच्या मानेची सरासरी ०.८५८ आणि प्रमाणित विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, आम्ही रोजच्या बोलण्यात ज्याला एसडी म्हणतो ते, ०.१२०. आईंचे ०.५७० हे ०.८५८ मधून वजा करा, ०.२८८ उरतात. त्यांना ०.१२० ने भागा. २.४ आले. सरासरीच्या खाली, म्हणून उणे. रिपोर्टवरचा सगळ्यात धडकी भरवणारा आकडा एवढ्या गणितातून येतो. संदर्भ त्याच स्त्रियांचा का, असं विचारणारे बरेच असतात. हाड कितपत ठिसूळ म्हणायचं याची व्याख्याच त्या मापावर बेतलेली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा संदर्भ घेतला तर त्याच हाडाला इथे एक आणि तिथे दुसरं नाव मिळेल. म्हणून रिपोर्टच्या तळाशी कोणता संदर्भ वापरलाय ते छापलेलं असतं, तेही बघून ठेवा.

'६६ टक्के' म्हणजे हेच ०.५७० भागिले ०.८५८. याचा अर्थ आईंचं ३४ टक्के हाड गेलं असा होत नाही. त्यांची पंचविशीत कोणी तपासणी केली नव्हती. समजा तेव्हाच त्यांचा टी-स्कोअर उणे १ होता, म्हणजे बीएमडी ०.७३८. तर त्यांनी आयुष्यभरात सुमारे २३ टक्के गमावले. सुरुवात त्याहून खालून झाली असेल तर अजून कमी. कोणाकडे किती होतं हे माहीत नसताना किती गेलं हे सांगता येत नाही. मला विचाराल तर रिपोर्टवरचा हा टक्केवारीचा रकाना काढून टाकावा, त्याने फक्त जीव घाबरा होतो.

झेड-स्कोअर म्हणजे तेच अंतर, पण आपल्याच वयाच्या माणसांच्या सरासरीपासून मोजलेलं. आईंचा उणे ०.९ आहे, म्हणजे वयाच्या मानाने नेहमीच्या पट्ट्यातला. तो उणे २ किंवा त्याखाली असता, तर वयाशिवाय दुसरं काही हाड पोखरतंय का ते शोधावं लागलं असतं: थायरॉइड, पॅराथायरॉइड, आतड्याचे विकार, स्टेरॉइडच्या गोळ्या. झेड-स्कोअरचा उपयोग तेवढाच. 'वयाच्या मानाने ठीक आहे' म्हणून निश्चिंत होऊ नका. ऐंशीव्या वर्षी सरासरी हाडच इतकं विरळ असतं की सरासरी असणं ही काही आनंदाची बातमी नसते.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या वयाला झेड-स्कोअरच वाचायचा असतो, टी-स्कोअर नाही. आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकाराने पसरलेले असले, की साधारण १६ टक्के माणसं उणे १ च्या खाली असणारच. म्हणजे ज्या निरोगी तरुणींवरून हा संदर्भ बनवला, त्यांच्यातल्याच दर सहाजणींमधल्या एकीला 'ऑस्टिओपेनिया' हा शेरा मिळाला असता. त्यांना काही आजार नव्हता, त्या फक्त सरासरीच्या खालच्या बाजूला होत्या. टी-स्कोअरची वर्गवारी पाळी गेलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढचे पुरुष यांच्यासाठी आहे. तुम्ही ३४ वर्षांच्या, पाळी नियमित, हाड कधी मोडलेलं नाही, हाडं विरळ करणारं औषध चालू नाही. तुमच्या रिपोर्टवर तो शेरा यायलाच नको होता. त्याखातर कुठलंही औषध घेऊ नका.

उणे २.५ ची रेघ कुठून आली, तेही सांगते. तिच्याबद्दल माणसांच्या मनात फार भीती आहे, जणू उणे २.४ ला जमीन आहे आणि उणे २.५ ला दरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ च्या अहवालात ही वर्गवारी छापली: उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ च्या मधे कमी घनता, उणे २.५ आणि खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. ही रेघ निवडताना एक कारण असं होतं, की मणका, खुबा किंवा मनगट यांपैकी कुठे तरी या रेघेखाली असणाऱ्या, पाळी गेलेल्या स्त्रिया साधारण ३० टक्के भरत होत्या, आणि याच जागची हाडं आयुष्यभरात कधी तरी मोडणाऱ्या स्त्रियांचं प्रमाणही तेवढंच होतं. म्हणजे रेघ समूहासाठी, सोयीने आखलेली आहे. हाडाच्या आत त्या आकड्याला काहीही घडत नाही. खुब्याची घनता एका एसडीने कमी असली तर खुबा मोडण्याचा धोका साधारण २.६ पट होतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. त्याच हिशोबाने उणे २.४ आणि उणे २.६ यांच्यात धोका साधारण १.२ पट वाढतो. रेघेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, नावं वेगळी, पण हाडं जवळपास सारखीच.

मग आईंचे ते ६ टक्के खरे का? इथे जरा थांबून समजून घ्या.

डेक्साच्या टेबलावर झोपवल्यावर आम्ही पाय आतल्या बाजूला १५ ते २५ अंश वळवून एका ठोकळ्याला पट्ट्याने बांधतो. तसं केलं की मांडीच्या हाडाची मान टेबलाला समांतर येते आणि तिची खरी लांबी दिसते. पाय कमी वळला तर मान तिरकी, आखूड दिसते आणि आकडा फसवा वाढतो. पाय नीट वळलाय का हे पडद्यावर कळतं: मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा जेमतेम दिसायला हवा. तो ठळक, गोल दिसला तर पाय कमी वळलाय. त्यानंतर संगणक मानेवर एक छोटी चौकट बसवतो. ती एक-दोन मिलिमीटर सरकली तरी आकडा हलतो. एका सकाळी मी एकाच बाईंची तीनदा तपासणी करून घेतली होती, दर वेळी त्यांना टेबलावरून उतरवून, चार पावलं चालवून, पुन्हा झोपवून. आकडे आले ०.५७१, ०.५८३, ०.५६६. तासाभरात हाड झिजतही नाही आणि भरतही नाही. हलत होतं ते मोजमाप.

हे हलणं किती, ते प्रत्येक सेंटरने स्वतः मोजून ठेवायचं असतं: ३० जणांची दोनदा किंवा १५ जणांची तीनदा तपासणी, प्रत्येक वेळी टेबलावरून उतरवून. त्यातून मोजमापाची चूक मिळते. तिला २.७७ ने गुणलं की 'किमान अर्थपूर्ण बदल' मिळतो. २.७७ का? ९५ टक्के खात्रीसाठी १.९६, आणि चूक दोन्ही वेळच्या मोजमापात असते म्हणून त्याला २ च्या वर्गमुळाने गुणायचं. बदल या आकड्याहून मोठा असेल तरच तो बदल म्हणायचा. हाडांच्या घनतेच्या मोजणीसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे, की हा आकडा कमरेच्या मणक्यासाठी ५.३ टक्के, संपूर्ण खुब्यासाठी ५ टक्के आणि मांडीच्या हाडाच्या मानेसाठी ६.९ टक्के यांच्या वर जाता कामा नये. चांगल्या सेंटरचा आकडा याहून कमी असतो.

आईंचा फरक जवळपास ६ टक्के, तोही मानेचा, जिचं मोजमाप सगळ्यात जास्त हलतं. एकाच मशीनवर तपासणी झाली असती तरी या मर्यादेत तो 'बदल' म्हणता आला नसता. इथे तर मशीनच दोन आहेत. कंपनी एक असली तरी दोन मशीनचा आपसात मेळ घालून बघितलेला नसेल, तर त्यांचे आकडे वजा करायचे नसतात. कंपन्या वेगळ्या असतील तर विचारूच नका, एकाच हाडाचा बीएमडी दहा टक्क्यांहूनही जास्त वेगळा येऊ शकतो. तेव्हा आईंचं हाड या दोन वर्षांत कमी झालं का, याचं प्रामाणिक उत्तर असं: या दोन कागदांवरून ते ठरत नाही. कमी झालं नाही असंही सिद्ध होत नाही, हे लक्षात घ्या. पाळी गेल्यानंतर वर्षाला एक-दोन टक्के जाणं नेहमीचं आहे, आणि तेवढं दोन वर्षांत या मोजमापात निसटू शकतं. तुलनेसाठी मी मानेपेक्षा संपूर्ण खुब्याचा आणि मणक्याचा आकडा बघते.

मणक्याबद्दल मात्र मला काळजी वाटली. खुबा उणे २.४ आणि मणका उणे १.२, हे वाचून 'मणका तरी बरा आहे' असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही पाठवलेल्या पानावर एकेका मणक्याचे टी-स्कोअर आहेत: पहिला उणे २.०, दुसरा उणे १.९, तिसरा उणे ०.३, चौथा उणे १.१. एका मणक्याचा स्कोअर शेजारच्यापेक्षा एकाहून जास्त फरकाने वेगळा असेल, तर तो वगळून उरलेल्यांचा हिशोब करायचा असतो, निदान दोन मणके तरी उरले पाहिजेत. तिसरा मणका इथे ठळकपणे वेगळा आहे. साठीनंतर मणक्यांच्या कडांना हाडाचे कोंब फुटतात, सांधे घट्ट होतात, मणक्यांच्या पुढून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत कॅल्शियम साचतं. हे सगळं मशीन हाडातच मोजतं. आणि दुसरीही एक शक्यता असते, ती मी विसरत नाही.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, मणक्याचा स्कोअर जवळपास सामान्य, सगळे खूश. त्यांच्याबरोबर आलेली नात सहज म्हणाली, आजीला आता वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. उंची मोजली तर तरुणपणापेक्षा पाच सेंटिमीटर कमी. बाजूने एक्स-रे काढला, तर दुसरा मणका पाचरीसारखा दबलेला. मणका दबला की तेवढंच खनिज कमी जागेत येतं, भागाकार मोठा होतो आणि मोडलेला मणका कागदावर सगळ्यांत मजबूत दिसतो. त्यांना पडल्याचं आठवत नव्हतं, पाठ दुखल्याचंही नाही. मणक्याची बरीचशी फ्रॅक्चर अशी गुपचूप होतात.

म्हणून आईंचा कमरेचा आणि पाठीचा बाजूने एक्स-रे काढून घ्या, किंवा सेंटरवर सोय असेल तर डेक्साच्याच मशीनवर मणक्यांची बाजूची प्रतिमा. आणि आज घरीच भिंतीला पाठ लावून त्यांची उंची मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी असेल तर एक्स-रेला उशीर नको.

आता ते मनगट.

उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता पडून हाड मोडणं हा टी-स्कोअरपेक्षा वेगळ्या जातीचा पुरावा आहे. टी-स्कोअर हा अंदाज आहे. मनगटाच्या बाबतीत प्रत्यक्ष परीक्षा झाली आणि हाड त्यात टिकलं नाही. प्रौढ वयात एकदा असं हाड मोडलेल्या व्यक्तीला पुढे पुन्हा कुठलं तरी हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. ते चांगलं जुळलं का, आता दुखतं का, याने हा धोका बदलत नाही. आणि एकूण हाडं मोडणाऱ्या माणसांमध्ये निम्म्याहून जास्त जणांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वरच असतो, कारण मधल्या पट्ट्यातली माणसं संख्येने कितीतरी जास्त असतात. तुम्ही दोन रिपोर्टमधल्या ०.३ वर पूर्ण पानभर लिहिलंत आणि मनगटावर एक ओळ. मी डॉक्टर म्हणून याच्या बरोबर उलट लिहीन.

धोका एकत्र मांडण्यासाठी फ्रॅक्स नावाचं गणित आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात ते तयार झालं, २००८ पासून वापरात आहे. ४० ते ९० वयासाठी वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, स्टेरॉइड, रुमॅटॉइड संधिवात वगैरे माहिती आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा बीएमडी घालायचा. त्यातून पुढच्या दहा वर्षांत मोठं हाड मोडण्याची आणि खुबा मोडण्याची शक्यता टक्क्यांत येते. किती टक्क्यांना औषध सुरू करायचं, ते प्रत्येक देशाच्या मार्गदर्शक नियमांत वेगळं आहे. वयाचा वाटा त्यात फार मोठा असतो. उणे २.४ पन्नाशीत आणि उणे २.४ ऐंशीत, खुब्याच्या धोक्यात कित्येक पटींचा फरक. फ्रॅक्सची एक उणीव ध्यानात ठेवा: वारंवार पडण्याला त्याच्या मूळ गणितात वेगळी जागा नाही. आई अजूनही अडखळत असतील, रात्री उठताना तोल जात असेल, तर ते तुम्हीच सांगायला हवं.

औषधांबद्दल वाचाल तेव्हा 'फ्रॅक्चर निम्मे होतात' असं दिसेल. ते खरं आहे, पण कशाचे निम्मे हे विचारा. हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेन्ड्रोनेट या औषधाची १९९६ मधली चाचणी घ्या. आधीच मणका दबलेल्या २०२७ स्त्रिया, सुमारे तीन वर्षं. एक्स-रेवर नवा दबलेला मणका औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात १०० पैकी १५ जणींना आढळला, औषधाच्या गटात ८ जणींना. म्हणजे १०० जणींमागे ७ वाचल्या. खुबा मोडण्याचं प्रमाण २.२ वरून १.१ टक्क्यावर आलं, दोन्हीकडे 'निम्मं', पण इथे १०० जणींमागे एक. ज्याचा मूळ धोका मोठा त्याला तेच औषध जास्त फायद्याचं. आईंचा मूळ धोका मनगटामुळे मोठा आहे, एक्स-रेमध्ये दबलेला मणका सापडला तर आणखी मोठा, आणि मग टी-स्कोअर उणे २.४ असो की उणे २.६, औषधाचा निर्णय तसाच राहील.

उलट बाजूही सांगते, कारण नंतर तुम्ही आकडा वाढवण्याच्या मागे लागाल. १९९० मध्ये फ्लोराइडची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. चार वर्षांत कमरेच्या मणक्याची घनता ३५ टक्के वाढली, आजही थक्क करणारा आकडा. पण मणक्याची फ्रॅक्चर लक्षणीय कमी झाली नाहीत आणि इतर हाडांची तर वाढली. हाड भरगच्च झालं, पण त्याची वीण बिघडली. म्हणून औषध सुरू झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी आकडा जागच्या जागी राहिला तरी मी समाधानी असते. नवीन हाड न मोडणं आणि आकडा किमान अर्थपूर्ण बदलापेक्षा जास्त न घसरणं, एवढं मला पुरतं.

आईंना डॉक्टरांकडे नेताना दोन्ही रिपोर्टची पूर्ण पानं न्या, नुसता शेरा नको. प्रतिमा, प्रत्येक मणक्याचे आकडे आणि बीएमडीचा रकाना त्यात हवा. मनगटाचं फ्रॅक्चर पहिल्या वाक्यात सांगा. आजच्या सेंटरला त्यांचा किमान अर्थपूर्ण बदल किती ते विचारा. सांगता आला नाही तर पुढची तपासणी जिथे तो सांगतात तिथे करा आणि मग मशीन बदलू नका. तपासणीच्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी नको, कारण न विरघळलेली गोळी मणक्याच्या सावलीवर आली तर तीही हाड म्हणून मोजली जाते. बेरियम पिऊन किंवा डाय टोचून काही तपासणी झाली असेल तर मधे एक-दोन आठवडे जाऊ द्या.

आईंची उंची मोजलीत की तो आकडा आणि लग्नाच्या वेळची किंवा एखाद्या जुन्या कागदावरची उंची, दोन्ही लिहून ठेवा आणि रिपोर्टबरोबर डॉक्टरांसमोर ठेवा.